टेपमधल्या साहेबाला हुंकार

परीक्षेच्या खोलीत मी बोलले, असं निकालाच्या कागदावर लिहिलं होतं. ते साफ खोटं आहे. मी बोलले नव्हते, मी हुंकार दिला होता. बोलणं आणि हुंकार देणं यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी दुसऱ्याच्या ऐकण्याची परीक्षा घ्यायला बसू नये, असं माझं तेव्हा मत होतं आणि पन्नाशी केव्हाच मागे टाकल्यावरही तेच आहे. इतकी वर्षं हे लिहायचं राहून गेलं, कारण घरातलं प्रत्येक माणूस म्हणायचं, कुंदा, झालं गेलं, आता सोड. मी काही सोडणाऱ्यातली नाही. परवा माझी भाची त्याच परीक्षेची तयारी करताना पाहिली. मोबाइलला तार जोडलेली, कानात बोंडं, तोंड शिवल्यासारखं बंद, आणि इंग्रजी बोलणारी माणसं तिच्या कानात एकटीच बोलत होती. मी पाच मिनिटं तिच्यापुढे उभी होते, तिला पत्ता नव्हता. तेव्हा ठरवलं की आपलं लिहून टाकावं.

आमचं घर हिंगणघाटला, कापसाच्या मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे बाबांचं सरकी-ढेपेचं दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे जिनिंग. दिवाळी झाली की जिनिंग सुरू व्हायचं आणि उन्हं तापेपर्यंत थांबायचं नाही. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्रांची घरघर आमच्या घरात एखाद्या नातेवाइकासारखी राहायला होती. मांडणीवरच्या वाट्या तिनं बारीक थरथरत. पाहुणे म्हणत, तुम्ही झोपता कसे? आम्हाला उलट ती बंद पडली की जाग यायची. बाकी सगळ्या घराला ढेपेचा वास. गुरांना घालायची ती सरकीची पेंड, तिचा तेलकट, थोडा गोडसर वास दप्तराला, केसांना, वाळत घातलेल्या कपड्यांना. शाळेत एकदोघी मला बघून 'ढेप आली' म्हणायच्या. मी त्यांना सांगायचे की तुमच्या चहातलं दूध माझ्या बापाच्या दुकानातून येतं. त्यानंतर त्या म्हणायच्या, पण जरा लांबून.

दुकानात येणारं गिऱ्हाईक म्हणजे कास्तकार, आमच्याकडचा शेतकरी. ढेप घ्यायला त्याला पाच मिनिटं लागत आणि बोलायला तासभर. तो पोत्यावर टेकायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा आणि सुरू व्हायचा. म्हैस फळत नाही इथपासून ते भावानं बांध कोरला इथपर्यंत. बाबा गादीवर बसून त्याच्या तोंडाकडे बघत हुंकार देत राहायचे. हं. हाव. मंग. असं का. हाव न. कुठे लांबवायचा, कुठे तोडायचा, कुठे नुसती मान हलवायची, हे बाबांना इतकं नेमकं जमायचं की माणूस येताना भांडायच्या तयारीनं आलेला असला तरी जाताना शांत होऊन जायचा. ढेप दुसऱ्या दुकानांतही मिळत होती. लोक आमच्याकडे यायचे ते त्या हुंकारासाठी, असं माझं मत आहे.

घरातही तोच कायदा. कुणी बोलत असेल आणि तुम्ही हुंकार दिला नाही, तर तुम्ही रुसलात तरी, नाहीतर समोरचा खोटं बोलतोय असं तुम्हाला वाटतंय तरी. जेवताना बाबा काही सांगत असायचे, माझं लक्ष सोलेभातातल्या हिरव्या तुरीच्या दाण्यांत गुंतलेलं असायचं, हुंकार चुकायचा. बाबा लगेच थांबायचे. "कुंदे, मी भितीसंग बोलून राह्यलो का?" असं म्हणायचे आणि मी घास गिळून आधी "हाव बाबा" म्हणायचे. हे इतक्या लहानपणी अंगात मुरलं की मला पुढे ते वेगळं काढता आलं नाही. हुंकार दिल्याशिवाय मला ऐकूच येत नसे. म्हणजे आवाज यायचा, पण आत काही उतरायचं नाही.

वर्ध्याला नर्सिंग केलं तेव्हा याचा मला फायदाच झाला. पेशंट माझ्याशी बोलायचे. जी बाई डॉक्टरांना 'काही नाही, बरं आहे' म्हणायची ती मला पोटात नेमकं कुठं दुखतं ते सांगायची, कारण मी हं हं करत तिची उशी नीट करत असायचे. तिथंच तीन वर्षं नोकरी केली. मग विलायतेतल्या एका इस्पितळासाठी नर्स निवडायला लोक आले, त्यांनी मला निवडलं आणि घरी पत्र आलं. आमच्या रस्त्यावर तसं पत्र कधी आलं नव्हतं. पत्रात एक अट होती. इंग्रजीची एक परीक्षा द्यायची, आणि तिच्या चारही भागांत नवांपैकी निदान सात मिळवायचे. वाचणं, लिहिणं, बोलणं आणि ऐकणं. मला भीती बोलण्याची वाटत होती. ऐकण्याचं काय, मी म्हटलं, आपण तर ऐकण्याच्या घरातल्या.

परीक्षा नागपूरला, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. पुढे टेप वाजायची आणि आपण ऐकता ऐकता उत्तरं लिहायची. टेप एकदाच वाजणार, पुन्हा नाही. पहिला आवाज आला, कुणीतरी मुलगी भाड्याच्या खोलीची चौकशी करत होती, आणि मी हुंकार दिला. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. चांगला दुकानातला हुंकार. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. मी पुन्हा दिला. देखरेख करणारा माणूस आला, माझ्या बाकावर बोट वाजवलं आणि ओठांवर ठेवलं. मी ओठ दाबून धरले. त्यानंतर त्या टेपमध्ये कोण काय बोललं हे मला आजही सांगता येणार नाही. सगळं लक्ष ओठांवर, कानात नुसता गडबडगुंडा. शेवटच्या भागात कुठेतरी ओठ सुटले आणि पुन्हा आवाज निघाला, तेव्हा त्यानं कागदावर माझा नंबर लिहून घेतला. निकाल आला. वाचण्यात, लिहिण्यात, बोलण्यातसुद्धा सात. ऐकण्यात सहा. सोबत ताकीद, की परीक्षार्थी परीक्षेदरम्यान बोलत होती.

इस्पितळानं तीन महिने मुदत दिली. त्यात ऐकण्याचे सात आणायचे, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला. मी तोवर वर्ध्याची नोकरी सोडून घरी आले होते. म्हणजे ही जागा गेली की हातात काही नव्हतं, पुन्हा ढेपेच्या वासात बसायचं. वासाचं मला काही नव्हतं. पण हरून बसणं वेगळं आणि राहायचं म्हणून राहणं वेगळं.

नागपूरला एका क्लासात नाव घातलं. दर शनिवारी पहाटेची एसटी धरून जायचे. सर हुशार होते, हे मला मान्य करायला हवं. प्रश्न आधी वाचून ठेवा, कान पुढच्या प्रश्नावर ठेवा, सुटलेल्या उत्तरासाठी रडत बसू नका, हे त्यांनी शिकवलं ते उपयोगी पडलं. पण त्यांनी टेप लावली आणि माझा हुंकार निघाला, तसे ते टेप थांबवून माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"ही सवय आधी मोडायची," सर म्हणाले. "खेड्यातल्या लोकांची असते. ऐकणारा माणूस गप्प असतो. जो आवाज करतो तो ऐकत नसतो, फक्त ऐकल्याचं दाखवतो."

मग त्यांनी स्वतःची पेन्सिल माझ्या हातात दिली आणि ती दातांत आडवी धरायला लावली. क्लासात वीस-बावीस मुलंमुली. घोड्याला लगाम घालावा तशी मी तोंडात पेन्सिल धरून बसले, लाळ गळू नये म्हणून मान वर करून, आणि टेप वाजत राहिली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. असे दोन शनिवार काढले. तिसऱ्या शनिवारी मी पेन्सिल काढली आणि उभी राहिले.

"सर, माझे बाबा दिवसभर हुंकार देतात. आमच्या सबंध तालुक्यात त्यांच्यासारखं ऐकणारा माणूस नाही."

"मग त्यांनाच बसवा परीक्षेला," सर म्हणाले. सगळा क्लास हसला. मी दातांचे वण उमटलेली पेन्सिल त्यांच्या टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि निघाले. एसटीत, वाटेतलं बुटीबोरी येईपर्यंत मला रडू येत होतं आणि बुटीबोरीनंतर राग. राग बरा. रागात काम होतं.

घरी आले आणि स्वतःची स्वतः तयारी सुरू केली. माझ्या भावाकडे, विलासकडे, टेपरेकॉर्डर होता. विलास माझ्याहून मोठा, लग्नाला आलेला, दुकानात बाबांच्या हाताखाली. त्यानं कुरकुर करत टेपरेकॉर्डर दिला. कॅसेटी एका मैत्रिणीच्या. दुपारी दोन ते चार दुकान थंड असायचं, तेव्हा स्वयंपाकघरात टेप लावायची. पहिले काही दिवस मी इमानदारीनं तोंड बंद ठेवून पाहिलं. चाळीसांतले वीस बरोबर. बावीस. पुन्हा वीस. आई समोर बसून तुरीच्या शेंगा सोलत असायची. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. रोहणा गावच्या शेतातून आलेली बाई, चौथीपर्यंत शिकलेली. पण चौथ्या-पाचव्या दिवशी टेपमधला माणूस बोलत असताना ती मध्येच म्हणाली, "हं."

मी टेप थांबवली. "आई, तू काऊन हुंकार देऊन राह्यली? तुले समजते का तो काय म्हनते ते?"

"नाई समजत," आई म्हणाली. "पन कवाचा बोलून राह्यला बिचारा. घरातलं एकबी मानूस हुंकार देत नाई, बरं दिसते का?"

मी हसले आणि टेप पुन्हा लावली, आणि आई हुंकार देत राहिली. टेपमधला साहेब वाचनालयाचे नियम सांगत होता, आई शेंगा सोलत त्याला "हाव बाप्पा" म्हणत होती, आणि माझी पेन्सिल चालायला लागली. त्या दिवशी एकोणतीस आले. दुसऱ्या दिवशी एकतीस. मी बाबांनाही बोलावलं. ते दुकानाच्या दारावर नजर ठेवून उंबऱ्यात बसत आणि हुंकार देत. आईपेक्षा त्यांचा कितीतरी नेमका. माणूस वाक्य संपवतो आणि बाबांचं "हं" येतं, मी उत्तर लिहिते आणि त्यांचं "मंग" येतं. चौतीस झाले. मला सरांना पत्र लिहावंसं वाटत होतं.

संक्रांतीच्या दिवशी जिनिंग बंद होतं. घर इतकं शांत की तिळगुळाचा पाक कढईत बुडबुडताना ऐकू येत होता. मी शेवटचा भाग लावला, समुद्रकिनाऱ्याच्या धुपीवर कुण्या प्राध्यापकाचं व्याख्यान. बाबा उंबऱ्यात. व्याख्यान संपलं, कॅसेटची नुसती खरखर राहिली, आणि मी मान खाली घालून उत्तरं तपासायला लागले. बरोबर, बरोबर, चूक. एकेकावर खूण करत होते.

"हं," बाबा म्हणाले.

मी दुसरी खूण केली. "हाव," बाबा म्हणाले. आणखी एक. "मंग."

मी मान वर केली. बाबा माझ्या पेन्सिलीकडे बघत होते. खरखर चालूच होती. पेन्सिल थांबली तसे तेही थांबले. मी आईकडे पाहिलं, आणि आईनं कढईखालचा जाळ कमी करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. तिला माहीत होतं.

मी हळू आवाजात, ओठ पदरानं झाकून म्हटलं, "बाबा, चहा टाकू का ताक देऊ?" ते माझ्या डोळ्यांकडे बघून "हं" म्हणाले.

दुकान टाकण्याआधी बाबांनी बारा वर्षं जिनिंगमध्ये काढली होती, त्या यंत्रांच्या शेजारी उभं राहून. कान तेव्हापासून जात आले होते, आणि गेल्या तीनचार वर्षांत जवळजवळ गेलेच होते. मी नर्स. लोकांच्या तोंडाकडे बघून कुठं दुखतं ते ओळखणारी. माझ्याच बापाचे कान गेलेले मला कळले नाहीत, कारण त्यांचा हुंकार कधी चुकला नाही. हे लिहितानाही लाज वाटते. मी दुसऱ्याच दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. नस गेली आहे, मशीन लावून फार फरक पडणार नाही, असं ते म्हणाले. मशीन लावून पाहिलं, तर बाबांना फक्त जिनिंग मोठ्यानं ऐकू यायला लागलं. आठ दिवसांत त्यांनी ते डबीत घालून ठेवलं.

माझ्या मनात मात्र सरच बोलत होते. जो आवाज करतो तो ऐकत नसतो. भर क्लासात ज्या माणसाच्या जोरावर मी पेन्सिल ठेवून आले, त्या माणसाला ऐकूच येत नव्हतं. दोन दिवस मी टेपला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा आत आले आणि माझ्यासमोर बसले.

"टेप काऊन लावून नाई राह्यली?"

मी मोठ्यानं, तोंड मोठं करून म्हटलं, "तुमाले तं आयकूच येत नाई. मंग हुंकार कायचा देता?"

बाबा चिडले नाहीत. ते म्हणाले, "मले आयकू कमी येते, हे खरं. पन दुकानात कोन्या कास्तकाराचं काम अडलं का आजवर? म्या हुंकार नाई देला तं तो दोन शब्दांत आटपते आन जाते. हुंकार देला तं तो पुरं सांगते. तोंडानं सांगते, हातानं सांगते, मंग उठता उठता पुन्हा एक डाव सांगते. तीनदा सांगितल्यावर बह्यऱ्यालेबी समजते."

"टेपमंधला मानूस पुन्हा नाई सांगत, बाबा."

"नोको सांगू दे. मी अर्ध्या कानानं एवढं करतो. तुले दोन धड कान देले न देवानं? मंग हुंकार काऊन सोडतं तू? कोन म्हनते सोड म्हनून?"

"नागपूरचा सर म्हनते."

"त्याच्या दुकानात गिऱ्हाईक बसत नसन," बाबा म्हणाले आणि उठून गेले.

मी टेप लावली. आईला म्हटलं, तू आता देऊ नको, मी देते. उरलेले पाच आठवडे मी एकच गोष्ट केली. हुंकार सोडला नाही, तो खाली नेला. तोंडातून घशात, घशातून छातीत. ओठ मिटलेले आणि आत हं चालू. पहिल्यांदा आईला चुलीजवळ ऐकू यायचा, मग पाटाजवळ बसली तरच, मग मीच तिला विचारायचे, आला का आवाज? पण तो पूर्ण बंद केला की आकडा पडायचा, हे मी आठ वेळा करून पाहिलं. पूर्ण बंद होणार नव्हता. आणि जो थोडाफार ऐकू येणारच त्याच्यासाठी आधीच भांडून घ्यावं, असं मी ठरवलं.

परीक्षेच्या दिवशी हॉलच्या दारातच माझं नाव पुकारलं गेलं. मागच्या वेळची ताकीद फाइलला लावलेली होती. प्रमुख म्हणून एक मॅडम होत्या, चापूनचोपून नेसलेली साडी, अगदी कडक इंग्रजी. त्यांनी सांगितलं, या वेळी आवाज आला तर बाहेर काढावं लागेल आणि निकाल लागणार नाही. मी म्हटलं, मॅडम, दोन मिनिटं मला बोलू द्या. आणि बोलले, इंग्रजीतून, कारण परीक्षा इंग्रजीची होती. दुकान सांगितलं, पोत्यावर बसणारा कास्तकार सांगितला, आमच्या घरात गप्प राहणं हा अपमान कसा असतो ते सांगितलं, पेन्सिलसुद्धा सांगितली. मॅडम हातातल्या याद्या बघत ऐकत होत्या. "हं," म्हणाल्या. "ओके. हं." मी पुढे बोलत गेले, बाबांच्या कानांपर्यंत आले, आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हाव न."

मी बोलायची थांबले. त्यांनी वर पाहिलं.

"मॅडम," मी म्हटलं, आता मराठीत, "तुम्ही आत्ता जे केलं, तेच मी केलं होतं. तुम्ही ते केलं नसतं तर मी केव्हाच गप्प झाले असते."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी याद्या सरळ केल्या, खाली ठेवल्या, पुन्हा उचलल्या. "कुठल्या तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी हिंगणघाट म्हटलं. आपण कुठल्या ते त्यांनी सांगितलं नाही, पण हाव म्हणणारं माणूस पुण्याचं नसतं एवढं मला कळतं.

"शेवटची रांग, खिडकीकडची खुर्ची," त्या म्हणाल्या. "शेजारची खुर्ची रिकामी ठेवते. तोंड मिटून. पुढच्या खुर्चीपर्यंत आवाज गेला तर मी स्वतः येऊन उठवीन, मग मला हे काही सांगायचं नाही."

मी बसले. टेप सुरू झाली. चारही भाग मी छातीतून हुंकार दिला. नकाशा समजावून सांगणाऱ्या बाईला दिला, दोन विद्यार्थी आपसांत वाद घालत होते त्या दोघांनाही दिला, शेवटच्या व्याख्यानाला तर सलग दिला. मध्ये एकदा तो सुटून वर आला. मॅडमनी मान वळवली. मी त्यांच्याकडे बघितलं आणि नजर खाली केली नाही. त्या उठल्या नाहीत. मी पुढचं उत्तर लिहिलं.

ऐकण्यात साडेसात आले. पंधरा दिवसांनी क्लासातल्या मैत्रिणीचं पत्र आलं, की सरांनी दारावरच्या फळ्यावर यशस्वी विद्यार्थ्यांत माझं नाव लिहिलंय. मी एसटी धरून नागपूरला गेले, आणि सरांना सांगितलं की नाव पुसा. ते म्हणाले, अहो, शिकलात तर इथंच ना. मी म्हटलं, प्रश्न आधी वाचायला शिकले, त्याबद्दल आभारी आहे, पण ऐकायला नाही. ते पुसेनात. मग मीच पदरानं पुसलं. पदराला खडू लागला तो हिंगणघाटपर्यंत झटकला नाही.

जायचं ठरलं तेव्हा विलास जेवताना म्हणाला, "बाबाचं हे असं झालं, आन आता तू चालली?" बाबांना ते ऐकू गेलं नाही, पण त्यांनी त्याचं तोंड पाहिलं, मग माझं पाहिलं. "ते जाईन," ते म्हणाले. "तिनं भांडून आनली हे जागा." आणि भाकर मोडायला लागले. मी गेले. बापाचे कान गेले आणि लेक परदेशी पळाली, असं ज्यांना म्हणायचं होतं त्यांनी म्हटलं. त्यांना मी तेव्हाही उत्तर दिलं नाही आणि इथंही देणार नाही.

दर रविवारी मी फोन करायचे. कार्ड विकत घ्यायचं, थंडीत काचेच्या खोक्यात उभं राहायचं. आधी आई बोलायची, मग विलास. मग बाबा हात पुढे करायचे. फोनवर तोंड दिसत नाही, हात दिसत नाहीत, उठता उठता पुन्हा सांगणंही नाही. त्यांना एक शब्द कळणं शक्य नव्हतं हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. सुरुवातीला मी ओरडायचे, तर विलास म्हणायचा, गल्लीले आयकू येते, फक्त बाबाले येत नाई. मग मी ओरडणं सोडलं. आपल्या आवाजात बोलायला लागले. पलीकडून हुंकार यायचा. हं. हाव. मंग. आणि मी सांगत जायचे. वॉर्डातली मुख्य नर्स माझं इंग्रजी समजत नाही म्हणते, मी तिला काय सुनावलं ते. माझं बोट धरून एक म्हातारी गेली ते. न्हाणीघरात नळ सोडून रडते ते, कारण भिंती पातळ आहेत. ज्याला ऐकू येतं अशा कुणालाही मी हे सांगितलं नसतं. आईला सांगितलं असतं तर ती जेवली नसती.

एका रविवारी मध्येच फोन विलासनं ओढून घेतला.

"काय सांगत राह्यतं त्याले एवढं? त्याले काहीच आयकू येत नाई, मालूम आहे न तुले? काऊन पैसे घालवतं?"

"दे त्यांच्याजवळ फोन," मी म्हटलं. "माह्यं सांगून नाई झालं अजून."